उष्णतेचा उतार

आमच्या लीड्सच्या घरातली सगळ्यात उबदार खोली चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. बाकीच्या घरात नोव्हेंबरपासून हीटिंग किती वेळ लावायचं यावरून वाद सुरू होतात. पायात जाड मोजे, अंगात स्वेटर, वर शाल. त्या लाकडी पेटीच्या डाव्या कोपऱ्यात मात्र सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत कोकणातला मार्च महिना चालू असतो. तिथे एक कॉर्न स्नेक राहते. मादी आहे, नाव तांबू. लेकीने ते रंगावरून ठेवलं आणि माझ्या आईला ते मुळीच आवडलेलं नाही, कारण आमच्या चिपळूणच्या घरी त्या नावाची गाय होती.

साप लेकीचा आहे. ईरा तेरा वर्षांची आहे आणि इंग्लंडात सोळा वर्षांखालच्या मुलाला कुठलाही प्राणी विकता येत नाही. २००६च्या प्राणीकल्याण कायद्याप्रमाणे मुलाच्या प्राण्याची जबाबदारी पालकावर येते, तेव्हा कागदोपत्री सर्पमालकीण मी. कॉर्न स्नेक नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. ईरा युनिव्हर्सिटीत जाईल, नोकरीला लागेल, आणि पेटी माझ्याकडेच राहील, हा हिशोब मी पहिल्याच दिवशी मनात करून टाकला होता.

तिला खरं तर धामण हवी होती. सुट्टीत चिपळूणला परसदारी एक भलीमोठी धामण चिऱ्याच्या गडग्यावरून सळसळत गेलेली तिने पाहिली आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं. धामण पाळायची नसते, आपल्याकडचा कुठलाच साप पाळायचा नसतो, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे तिला तिथेच सांगून झालं होतं. (महाराष्ट्रात बसून हे वाचताना कुणाला हुरूप आला असेल तर एवढं ऐकून ठेवा. सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतले बॉल पायथनसारखे परदेशी सापसुद्धा आता भारतात नोंदणीशिवाय ठेवता येत नाहीत, २०२४मध्ये त्याचे नियम आले आहेत.) कॉर्न स्नेक मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. बिनविषारी, उंदीर खाणारी, चढण्यात पटाईत. धामणीची लांबची, बरीच लहान आणि बरीच शांत भावकी म्हणा. ब्रिटनमध्ये ती पाळायला परवाना लागत नाही आणि पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला सहसा हीच सुचवली जाते.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा, भीती थोडी ओसरली की, एकच प्रश्न विचारतो. “किती डिग्रीवर ठेवता हिला?”

याला एका आकड्यात उत्तर नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. मासे पाळणारा माणूस सांगू शकतो, टाकीचं पाणी पंचविसावर. कोंबडीची पिल्लं वाढवणारा सांगू शकतो. सापाच्या पेटीला मात्र एक तापमान असून चालतच नाही. एका टोकाला, दिव्याखाली, एकतीस-बत्तीस. दुसऱ्या टोकाला तेवीस-चोवीस. मधल्या चार फुटांत उष्णता हळूहळू उतरत गेली पाहिजे. सापाच्या शरीरात आपल्यासारखी भट्टी नाही. अंगाचं तापमान तो बाहेरून उचलतो, आणि उचलतो म्हणजे जागा बदलतो. गरम हवं की इकडे, पुरे झालं की तिकडे. खाल्ल्यावर उबेकडे सरकतो, कारण ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही आणि उंदीर जसाच्या तसा बाहेर येतो. कात टाकायच्या दिवसांत ओलसर जागी दडी मारून बसतो. १९४४मध्ये कौल्स आणि बोगर्ट या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करून दाखवून दिलं, की हे प्राणी हवेच्या तापमानापुढे निमूट मान तुकवत नाहीत. ऊन आणि सावलीत ये-जा करून ते आपल्याला हवं ते तापमान बऱ्यापैकी अचूक सांभाळतात. ज्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो ते दिवसभर उष्णतेचाच व्यवहार करत असतात.

म्हणजे पेटी तयार करणाऱ्याचं काम सापाला गरम ठेवणं नव्हे. त्याच्यासमोर निवड मांडून ठेवायची आणि बाजूला व्हायचं. एकसारखी बत्तीस डिग्रीची पेटी ही थंडगार पेटीइतकीच वाईट, कारण तिच्यातून सुटायला जागा नाही.

हे एकदा पटलं की बाकीच्या गोष्टी आपोआप लागत जातात. लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच ठेवली तर साप लपणं निवडतो आणि तापमान सोडून देतो. दडून बसायची त्याची ओढ इतकी जबर असते, की थंडीने अन्न पचेनासं झालं तरी तो उघड्यावर यायचा नाही. तिसरी एक ओलसर शेवाळ भरलेली डबी, कातीच्या दिवसांसाठी. तळाला ॲस्पेनच्या लाकडाचा कीस, चांगला चार बोटं जाड, कारण हिला आत घुसून राहायला आवडतं. पाइन आणि सीडरचा कीस नको, त्यातली तेलं सापांना बाधतात. पाण्याचं भांडं थंड बाजूला, नाहीतर वाफ धरून आर्द्रता चढते. चढायला फांद्या. पेटीची लांबी सापाला सरळ ताणून पडता येईल एवढी. सापांना इवल्याशा डब्यातच सुरक्षित वाटतं असं पूर्वी छातीठोकपणे सांगितलं जायचं. ते आता मागे पडत चाललं आहे, आणि बरंच झालं. लपण्याच्या जागा भरपूर असल्या की मोठी पेटी सापाला मुळीच घाबरवत नाही.

उरला प्रश्न उष्णता कशाने द्यायची याचा. इथे मी बरेच दिवस घालवले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

पारंपरिक उत्तर म्हणजे हीट मॅट. प्लास्टिकची पातळ चटई, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली घालायची. स्वस्त, विजेला हलकी. पण ती पोटाला भिडलेला पृष्ठभाग तापवते, हवा फारशी नाही. शिवाय निसर्गात ऊब खालून येत नाही. सूर्य वर असतो. संध्याकाळी तापलेला कातळ खालून ऊब देतो हे खरं, कोकणात रात्री डांबरी रस्त्यावर साप येऊन पडतात आणि गाड्यांखाली जातात ते त्यासाठीच. पण त्या कातळालाही तापवलेलं असतं वरूनच. म्हणून आम्ही हॅलोजनचा दिवा घेतला. त्याखाली स्लेटची एक लादी. दिवा लादीला तापवतो, लादी सापाला. दिवा विझल्यावरही ती थोडा वेळ ऊब धरून राहते. हॅलोजनची अवरक्त किरणं कातडीच्या खाली, स्नायूंपर्यंत पोचतात. मॅटची उष्णता वरच्या थरातच अडते.

यात एक मजा आहे. हॅलोजनचे बहुतेक घरगुती दिवे युरोपात २०१८पासून बाजारातून हटवले गेले, कारण ते प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त टाकतात, म्हणजे वीज वाया घालवतात. आम्हाला नेमकी ती वाया जाणारी वीजच हवी होती. प्रकाश तर वरकड.

दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, हवाच, त्यावर तडजोड नाही. मोकाट दिव्याखाली लादी पन्नासच्या वर सहज जाते आणि साप चटका बसत असतानाही वेळेत बाजूला होईलच असा भरवसा नसतो. पोटाला भाजलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात. दिव्याला जाळीचं आवरणही लागतं, नाहीतर ही बया फांदीवरून त्याला वेढे घालून बसेल. थर्मोस्टॅट तीन तऱ्हेचे. एक नुसता चालू-बंद करणारा, मॅटसाठी ठीक. दुसरा विजेचे ठोके कमी-जास्त करणारा, उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरसाठी. तिसरा मंदावणारा, दिव्यासाठी.

हे सगळं मी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगत होते. आई पदर तोंडाला लावून “अगो, पण कशाला ते जनावर घरात” एवढंच म्हणत होती, आणि अप्पा, जे एरवी फोनवर “हो, बरंय सगळं, घे आईशी बोल” याच्या पलीकडे जात नाहीत, ते अचानक खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर आले.

अप्पांची सगळी नोकरी पोफळीला गेली. कोयनेच्या, डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात. शिफ्ट, लॉगबुक, फॉल्ट, ट्रिप, हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीइतके रोजचे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी विजेबद्दल काही विचारलं नव्हतं, घरातला पंखा बंद पडल्याशिवाय.

“चालू-बंदवाला दिव्याला लावू नकोस,” ते म्हणाले. “फिलामेंट जाईल आठवड्यात. आणि त्या जनावराच्या डोळ्यांसमोर सारखी उघडझाप. मंदावणाराच घे. मशिनचा गव्हर्नर काय करतो? लोड वाढला, पाणी थोडं वाढव. लोड उतरला, पाणी थोडं कमी कर. सगळं पाणी नाहीतर शून्य पाणी, असं करून फ्रिक्वेन्सी राहते होय?”

मग त्यांनी प्लग कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितला. ब्रिटिश प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो हे त्यांना ऐकून माहीत होतं, पाहिलेलं नव्हतं. मी स्क्रू काढून दाखवला. “तेरा अँपिअरचा आहे. पंचाहत्तर वॅटच्या दिव्याला तेरा कशाला? तीनचा टाक.” टाकला. बिलाचंही त्यांनी तोंडी सांगितलं. पंचाहत्तर वॅट, बारा तास, नऊशे वॅट-तास, म्हणजे पॉइंट नऊ युनिट, आणि दिवा मंदावत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. इथे युनिट साधारण पंचवीस पेन्स. सापाच्या उबेचा दिवसाचा खर्च आमच्या एका चहाच्या बाहेरच्या किमतीच्या दहाव्या भागाइतकाही येत नाही.

मग त्यांनी विचारलं, “आणि तो सेन्सर जागेवरून पडला तर?”

पेटीतला सगळ्यात मोठा धोका या एका प्रश्नात आहे. थर्मोस्टॅटला जग दिसतं ते प्रोबच्या, म्हणजे तारेने जोडलेल्या त्या सेन्सरच्या, टोकातून. सापाने ढुशी देऊन प्रोब थंड बाजूला ढकलला तर थर्मोस्टॅटला वाटणार, अरे, गारठा आहे, आणि तो दिवा पूर्ण जोराने पेटवून ठेवणार. यंत्र बिघडलेलं नसतं. ते इमानेइतबारे चुकीच्या जागेचं ऐकत असतं. अप्पा म्हणाले, असले फॉल्ट सापडायला फार त्रास देतात, कारण पॅनेलवर सगळं ठीक दिसतं. म्हणून प्रोब पक्का बसवायचा, केबलच्या क्लिपने, खिळ्यावर. चिकटपट्टीने अजिबात नाही. पेटीत चिकटपट्टीचा एवढासा तुकडा असला तरी साप त्याला चिकटतो आणि सोडवताना खवले सोलून निघतात. शिवाय थर्मोस्टॅटवर विसंबायचं नाही. वेगळे दोन थर्मामीटर, दोन टोकांना, जमिनीलगत, कारण साप जमिनीवर राहतो आणि गरम हवा छताला जाऊन बसते. लादीचं तापमान पाहायला लेझरची बंदूक.

“आणि आठवडाभर रिकामी चालव,” अप्पा म्हणाले. “लोड न घेता. लॉगबुक ठेव.”

साप पाळणारे इथले लोकही हेच सांगतात, फक्त इतक्या अधिकारवाणीने नाही. साप आणायच्या आधी पेटी रिकामी चालवून पाहायची.

ईराने वही केली. अप्पांनी रकाने सांगितले: वेळ, लादी, गरम बाजूची हवा, थंड बाजूची हवा, आर्द्रता, खोली, शेरा. शाळेत जायच्या आधी, आल्यावर आणि झोपताना नोंद. संध्याकाळी त्या आकड्यांचा फोटो चिपळूणला. तिकडून उत्तर यायचं, कधी नुसतं “ठीक”, कधी “रात्री दोनची नोंद कुठाय?” आम्ही रात्री दोनला उठत नाही असं ईराने कळवलं तर “आम्ही उठत होतो” एवढंच.

त्या रिकाम्या पेटीसमोर मी बसत असे, हे आता सांगायला हरकत नाही. काम काहीच नसायचं. डिसेंबरमध्ये इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. बाहेर काळोख, विटांच्या रांगेतली घरं, ओले रस्ते, आणि आत एक दिवा रिकाम्या लादीवर पडलेला. पहिल्या दिवशी थंड टोक सत्तावीसवर गेलं, म्हणजे उतार नाहीच. मागच्या बाजूच्या झडपा उघडल्या, दिवा आणखी कोपऱ्यात सरकवला. मग चोवीस. खोलीतलं हीटिंग बंद पडलं की लादी तशीच राहायची पण थंड टोक घसरायचं. रात्री दिवा बंद, घर सतरावर, पेटी एकोणीसवर, ते चालतं. रात्रीचा गारवा जंगलातही असतोच. आर्द्रता चाळीस ते साठच्या मध्ये. एका ठिकाणी एक डिग्री हलवली की दुसरीकडे काय होतं हे दिसायला तासभर लागायचा. घाई करून उपयोग नव्हता. आपण काही केलं आणि त्याचा परिणाम बघायला स्वस्थ बसावं लागलं, असं माझ्या दिवसात दुसरं काहीच घडत नाही.

वहीतल्या आकड्यांनी दोन दिवस हलायचं नाकारलं तेव्हा अप्पांचा निरोप आला, “सिंक्रोनाइझ करा.” म्हणजे साप आणा.

तांबू आली तेव्हा पेन्सिलीएवढी जाड होती. आणल्यावर पहिले काही दिवस तिला हात लावायचा नसतो, खायलाही घालायचं नसतं. ती लाकडाच्या किसात शिरली आणि दिसेनाशी झाली. एवढी तयारी केलेली पेटी पुन्हा रिकामीच. काचेच्या सरकत्या दारांना कुलूप आहे ना हे मी उठून उठून बघत होते, कारण कॉर्न स्नेक निसटण्यात बदनाम आहे. बोटभर फट तिला पुरते.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण मला त्यात रस नाही आणि ईराला अतोनात आहे. गोठवलेली उंदराची पिल्लं मिळतात. फ्रीजमध्ये वितळवायची, पिशवीत घालून कोमट पाण्यात धरायची, चिमट्याने पुढे करायची. मग दोन दिवस सापाला हाताळायचं नाही, हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला असतो. फ्रीझरमध्ये माझा ओल्या नारळाचा चव असतो. त्याच्या शेजारी ती डबी ठेवायला मी नकार दिला. आता गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर आहे आणि त्याची वीज अप्पांच्या हिशोबात धरलेली नाही.

आईने एकदाच विचारलं, दूध पीत नाही का गं ती? नाही पीत. साप दुधावर जगत नाही, दूध त्याला पचत नाही. नागपंचमीच्या टोपलीतले नाग आधी तहानेने व्याकूळ ठेवलेले असायचे, म्हणून समोर येईल ते प्यायचे. आईने ऐकून घेतलं. “आम्ही लहानपणी लाह्या आणि दूध वारुळापाशी ठेवायचो,” ती म्हणाली. “वारुळात काय असतं हे बघायला कुणी गेलं नाही.” यावर मी काय बोलणार? वारुळ हीही एक उत्तम पेटीच आहे. आत आर्द्रता टिकते, तापमान फार हलत नाही, आणि दारं पुष्कळ.

उबेच्या मागे साप कुठवर जातात याची एक गोष्ट इथल्याच बेटावरची आहे. उत्तर वेल्समध्ये कोल्विन बे गावात, १९७०च्या दशकात तिथल्या प्राणिसंग्रहालयातून एस्क्युलेपियन जातीचे साप निसटले. मूळचे ते दक्षिण आणि मध्य युरोपातले. या गारठ्यात ते टिकायला नको होते. पण टिकले, वाढले, आणि आता त्यांची तिथे वसाहत आहे. बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या शरीरात छोटे ट्रान्समीटर बसवून माग काढला, तेव्हा दिसलं की हे साप लोकांच्या घरांत शिरतात, भिंतींच्या पोकळीत, माळ्यावर जाऊन बसतात. घरमालकांच्या हीटिंगवर. ब्रिटनचा स्वतःचा गवती साप अंडी घालायला कंपोस्टचा ढीग शोधतो, कारण कुजणारा पालापाचोळा आतून गरम असतो. परसात कंपोस्ट करणाऱ्या म्हाताऱ्या बायका नकळत उबवणूक केंद्र चालवत असतात. मला ही माहिती फार आवडली. आम्ही लाकूड, काच, दिवा, थर्मोस्टॅट आणि फ्यूज मिळवून जे उभं केलं, ते हे साप कुणाला न विचारता आमच्याच घरांतून शोधून काढतात.

आता तांबू मला थोडी वाचता येते. लादीवर पसरलेली असली तर खाल्लेलं आहे. थंड बाजूच्या कपारीत गुंडाळी करून असेल तर पोट रिकामं किंवा नुसता आळस. डोळे दुधाळ निळे झाले की शेवाळाच्या डबीत. मी तिथे काहीच करत नाही, फक्त बंदूक रोखून लादी बघते. एकतीस. ईरा तिच्या खोलीचं दार लावून घेऊ लागली आहे, आणि मी दारावर टकटक करून “थंडी वाजत नाही ना गं?” असं विचारणं अलीकडे कमी केलं आहे. ती खाली येते, भूक लागली की.

वही अजून चालू आहे, रोज नव्हे, पण चालू. सध्या अप्पांशी खल चालला आहे तो उन्हाळ्याचा. दिवा पेटीला घरापेक्षा गरम करू शकतो, घरापेक्षा गार करणारं काही पेटीत नाही. खोली तीसवर गेली तर थंड टोक तीसच्या खाली जाणार नाही, मग उतारच संपला. १९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ डिग्रीची नोंद झाली आणि या घरांत ना पंखे असतात ना झरोके. विटा रात्रभर ऊब ओकत राहतात. अप्पांनी सुचवलं, वाळ्याचा पडदा भिजवून पेटीसमोर लाव. मी म्हटलं, अप्पा, आर्द्रता साठच्या वर जाईल, तिच्या खवल्यांना पुरळ येईल. ते थोडा वेळ गप्प बसले.

“मग पेटी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला ने,” ते म्हणाले. “आणि दिवा सकाळी दोनच तास. बाकी वेळ लोड शेडिंग. आकडे पाठव.”